भरतीची वेळ

उद्या पहाटी चारला पळायला निघणार म्हणता? निघा की. शिरड शहापूरचा रोड कोणाच्या बापाचा न्हाई. पण लाईट गेली, अभ्यासिका बंद पडली, साडेनऊ वाजून गेले, आन् तुमी भरतीवाली पोरंपोरी पायरीवर बसून एकमेकांच्या तोंडावर मोबाईलचे उजेड मारून राहिले. तर बसा घडीभर. पहिले ते उजेड बंद करा. ह्या पुंजाजीनं चाळीस वर्षं गाडी चालवली, नाना तऱ्हेची माणसं गाडीत बसवली. त्यातलं एक माणूस सांगतो. गोरेगावचा शिवहार.

शिवहार म्हणजे गावच्या जैवविविधता समितीचा अध्यक्ष. हसू नका, असती तशी समिती. गावातली झाडं, पाखरं, किडामुंगी वहीत लिवून ठेवायची, हे तिचं काम. ह्या अध्यक्षानं आपल्याच बांधावरचा लिंब तोडून त्याचा दिवाण केला होता, आन् त्या दिवाणावर बसून समितीची मीटिंग घ्यायचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा. त्याला सगळं ठाऊक. ढोराच्या डॉक्टरला सुई कुठं टोचायची ते सांगायचा. कोणी काही नवं बोललं की मान वाकडी करून नाकातून नुसतं "हं" काढायचं. झाला निकाल. पुढं ऐकायचं कारणच न्हाई.

त्याला एक पोरगी, दिपाली, पंचवीस वर्षांची. बापावर गेली न्हाई हे तिचं नशीब. वनरक्षकाची भरती तिनं दोनदा दिली. पहिल्या खेपेला लेखीत हुकली. दुसऱ्या खेपेला पळण्यात बसली, लेखीत बसली, आन् उंचीत गेली. दीडशे सेंटीमीटर पाहिजे, ही भरली एकशे साडेएकोणपन्नास. अर्ध्या सेंटीमीटरनं घरी. पोरगी आठ दिवस जेवली न्हाई. तिच्यापेक्षा जास्त लागलं बापाला. काहून, तर शेजारी प्रभू. मेंढरं राखणारा सरळ माणूस, समितीत मेंबर. त्याची सत्यशीला बी तीच भरती करून राहिली. एकशे अठ्ठावन उंच, आन् पळायला लागली की पोरं मागं पडायची. दोघी मैतरणी. रोज पहाटी चारला सेनगाव रोडला संगं पळायच्या. त्यांच्यात काही वाकडं नव्हतं. वाकडं शिवहारच्या पोटात होतं. माझी लागली पाहिजे, आन् प्रभूच्या आधी लागली पाहिजे. उठता बसता एवढाच घोर.

तर दोन हजार तेवीसच्या डिसेंबरात समितीचा अभ्यास दौरा निघाला. समुद्राकाठी एक उद्यान हाय, कांदळवनाचं. कांदळ म्हणजे खाऱ्या पाण्यात, चिखलात उगवणारी झाडं. त्यात पाखरं, मासोळ्या, कोल्हे बी राहतात म्हणे. गावातल्या झाडांचा अभ्यास कधी केला न्हाई, आन् साडेसहाशे किलोमीटरवर चिखलाचा अभ्यास करायला निघाले आमचे विद्वान. आठ मेंबर आन् गाडीवर मी. शिवहारनं दिपालीला बी संगं घेतलं. म्हणला, "जंगल खात्याचे साहेब भेटतील तिथं. एखादा शब्द टाकून ठेवतो." अध्यक्षाच्या शब्दासाठी साहेब लोक तिथं चिखलात ताटकळत उभे असतील, असं त्याला खरंच वाटत होतं. सत्यशीलाला बी यायचं होतं, पण चंपाषष्ठी तोंडावर आली होती. घरी आईला हात लागणार म्हणून ती राहिली.

सतरा तारीख, रविवार. मार्गशीर्षातली पंचमी. रात्रभर अन् अर्धा दिवस गाडी चालवून दुपारी तीनला आमी तिथं टेकलो. दिपालीला गाडी लागली होती. ती लॉजवर जाऊन आडवी झाली, तिनं काहीच पाहिलं न्हाई. बाकीचे उद्यानाच्या मनोऱ्यावर चढले. खाली सगळी हिरवी गचपण झाडी, आन् चिखलातून वर आलेली मुळं, तूर कापल्यावर वावरात धसकटं राहतात तशी, हजारोंनी. आन् बघता बघता त्यात पाणी भरायला लागलं. आवाज न्हाई, काही न्हाई. कुठून येतं तेच कळंना. शिवहारनं मान वाकडी केली.

"हं. कॅनॉलला पाणी सोडलं. आपल्याकडं सिद्धेश्वर धरणाचं सोडत न्हाईत का, तसं. पाळी असंल आज."

प्रभूनं मात्र पोरीला फोन लावला. असं काही नवं दिसलं की त्याला ते सत्यशीलाला दाखवायचं असायचं. "पाणी आपसूक वर येऊन राहिलं बघ," म्हणला. तिकडून ती काहीतरी बोलली. हा हसला. "भरती? असं व्हय. मग परत कवा? पहाटी? बरं, बरं." ठेवला फोन.

झालं. एवढं एक अक्षर शिवहारच्या कानात शिरलं, आन् कान तापला. समुद्र आयुष्यात कवा पाहिला न्हाई. तुमाआमाला भरती म्हणलं की काय दिसतं? ग्राउंड, छातीवर नंबर, लाईन. त्याला बी तेच दिसलं. प्रभू बेटा आतल्या गाठीचा निघाला, इथं भरती निघाली आन् मला सांगून न्हाई राहिला! विचारायचं एक शब्दानं. पण विचारलं तर अध्यक्ष कसला? अति शहाणा, त्याचा बैल रिकामा.

संध्याकाळी साडेसातला बाकीचे जेवायला बसले, तवा हा एकटाच फाटकाकडं गेला. फाटक बंद. बाजूला हिरवा फलक, त्यावर खडूनं लिवलेलं. "आजची भरती : दुपारी ३.२५, पहाटे ३.५०. भरतीच्या वेळी पर्यटकांनी आत थांबू नये."

बराबर हाय, शिवहारनं मनात म्हणलं. भरती चालू असताना पाहुण्यांची गर्दी कशाला?

फाटकाच्या आतल्या अंगाला एक माणूस उभा होता. खाकी कपडे, पॅन्ट गुडघ्यापर्यंत ओली. तोंडावर फाटकाची सावली.

"भरती इथंच व्हय?" शिवहारनं विचारलं.

"इथंच."

"पहाटीची बी?"

"पहाटेची मोठी असते."

"जागा किती?"

"पुष्कळ. कितीही आले तरी मावतात."

"वशिला?"

"भरती कोणाचं तोंड बघत नाही."

शिवहार जाळीला चिकटला. "साहेब, पोरगी हाय माझी. उंचीला थोडी तकलीफ हाय. अर्धा सेंटीमीटर."

"उंचीचं काही अडत नाही. आत आलं की सगळे सारखे."

शिवहार लॉजवर परत आला तो दोन फूट उंच होऊन. प्रभूकडं पाहून गालात हसला, पण बोलला न्हाई एक शब्द. शेजाऱ्याच्या पोरीला बी संधी असली तर असो, असं त्याच्या मनात सुद्धा आलं न्हाई. असं माणूस. आमी नऊ जण एका छताखाली झोपलो, आन् ह्यानं तीन वीसचा गजर लावून मोबाईल उशीखाली ठेवला.

तीन वीसला त्यानं दिपालीला उठवलं. तिला ताप होता. म्हणली, "बाबा, अशी कोणती भरती? फॉर्म न्हाई, हॉल तिकीट न्हाई."

"हं. मला शिकव तू. थेट भरती हाय. उंचीचं बी बोललो मी. उठ."

आन् खरं सांगतो, पोरगी उठली. उंचीचं बोललो म्हणल्यावर उठली. अर्ध्या सेंटीमीटरचं दुखणं काय असतं ते तुमाला ठाऊक हाय.

चंद्र दहालाच बुडालेला. डिसेंबर असून गारठा न्हाई, नुसती घामट हवा. फाटक उघडं होतं. आत फळ्यांचा रस्ता, झाडांमधून गेलेला. दोघं त्यावरून गेले. फळ्या ओल्या. दोन्हीकडं अंधार, आन् त्या अंधारात सारखं टप, टप, टप. चिखलातून बुडबुडे फुटत होते. रस्ता संपला तिथं खाली उतरायला पायऱ्या. शिवहारनं मोबाईलचा उजेड खाली मारला.

लाईन होती.

पंधरा-वीस जण. पोरं, पोरी. एकामागं एक, चिखलात उभे. कोणी बोलत न्हाई. कोणी मागं पाहत न्हाई. पुढं, लाईनच्या तोंडाशी, एक खांब रोवलेला. पांढऱ्यावर लाल पट्टे, पट्ट्यांवर आकडे. खांबाजवळ तोच खाकी माणूस.

"पाहिलं का?" शिवहार कानात म्हणला. "उंची मोजायची पट्टी. आन् हे बघ उमेदवार. सगळे वाळकुडे. यांच्यात तू आरामात निघतेस."

तो खांब कशाचा, हे मला आदल्या दुपारीच तिथल्या नावाड्यानं सांगितलं होतं. भरतीचं पाणी किती चढलं ते मोजायचा. माणसं मोजायचा न्हाई.

दोघं खाली उतरले. घोट्याएवढं पाणी होतं. शिवहारनं पोरीला लाईनच्या शेवटी उभं केलं, आपण बाजूला उभा राहिला. लाईन सरकू लागली. एक पोरगं खांबाला पाठ लावून उभं राहिलं. खाकी माणसानं वाकून पाहिलं.

"कंबर," तो म्हणला. "पास."

पोरगं खांबाच्या पलीकडं चालत गेलं. अंधारात. मग पुढचं.

"छाती. पास."

ते बी गेलं.

पाणी गुडघ्याला लागलं.

"बाबा," दिपाली म्हणली, "गेलेलं एक बी परत येऊन न्हाई राहिलं."

"दुसऱ्या दारानं सोडत असतील."

"बाबा, पाणी चढून राहिलं."

"तेच तर पाहतात. पाण्यात कोण टिकतं ते. जंगलाची नोकरी हाय, मामलेदार कचेरीची न्हाई. गप उभी राहा."

"गळा," खांबापासून आवाज आला. "पास."

आता दिपालीच्या पुढं एकच पोरगी उरली. लांब वेणी, वेणीतून पाणी गळून राहिलं. ती खांबाकडं निघाली... थांबली. मागं वळली. दिपालीकडं पाहून तिनं मान हलवली. न्हाई, न्हाई, अशी. तोंड उघडलं.

आवाज न्हाई.

नुसतं पाणी आलं तोंडातून. काळं.

शिवहारनं पाहिलं. तवा कुठं पाहिलं त्यानं. त्याच्या हातातला मोबाईल पडला, पाण्याखाली थोडा वेळ उजेड दिसला... मग तो बी गेला.

"डोळे," तो आवाज म्हणला. "पास."

आन् मग...

"दिपाली शिवहार."

नाव त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. फाटकावर न्हाई. कुठंच न्हाई.

शिवहारनं पोरीचा दंड धरला. ओढलं. पाय निघंना. त्याचे निघत होते. तिचे न्हाई. पाणी तिच्या मांडीला, मग कंबरेला. पोरगी ओरडत बी नव्हती. नुसती बापाकडं पाहत होती.

"साहेब," शिवहार म्हणला. "चुकलं साहेब. आमी पाहुणे हाओत. खोडा ते नाव."

"पुकारलेलं नाव खोडत नाहीत."

"साहेब..."

"बदली चालते."

पाणी छातीला. तिच्या छातीला.

"दुसरं नाव द्या," तो आवाज म्हणला. "तिच्या जागी."

आता ऐका, पोरांनो. माझं बोलणं तुमाला कडू लागत असंल, म्हातारा उगा एखाद्याला शिव्या देऊन राहिला म्हणत असाल. पण तिथं त्या माणसाला एकच नाव घ्यायचं होतं. चार अक्षरं. शिवहार. तेवढं म्हणायचं होतं, आन् मी आज त्याच्या नावानं दिवा लावला असता.

तो म्हणला, "सत्यशीला प्रभू."

खाकी माणसानं कान पुढं केला.

"गोरेगावची," शिवहार म्हणला. "उंच हाय साहेब. एकशे अठ्ठावन. पळायला बी एक नंबर हाय."

शिफारस केली त्यानं. मरणाच्या दारात सुद्धा त्यानं शिफारस केली.

...

चिखलानं दिपालीचे पाय सोडले. दोघं पायऱ्या चढले. मागं पाहिलं तर लाईन न्हाई, कोणी न्हाई. खांबाच्या वरच्या पट्ट्यापर्यंत पाणी, गच्च भरलेलं. सपाट.

फळ्यांवरून येताना शिवहार एवढंच बोलला, "नुसतं नाव तर घेतलं. नाव घेतल्यानं काय होतं? हं."

हे सगळं दिपालीनं पुढं मला सांगितलं, फाटकावरचं बोलणं बापानं वाटेत सांगितलं होतं ते सुद्धा, स्वतःच्या तोंडानं, दोनदा. दोन्ही वेळा एक शब्द इकडचा तिकडं झाला न्हाई.

सकाळी पावणेसातला प्रभूचा फोन वाजला. बनाबाईचा, त्याच्या बायकोचा. सत्यशीला चारला पळायला गेली, अजून आली न्हाई. दिपाली गावात न्हाई तर एकटी जाऊ नको म्हणलं होतं, पण ऐकलं न्हाई. प्रभू तसाच उभा राहिला, दातात ब्रश धरून.

मी गाडी काढली. कुठलं उद्यान आन् कुठलं काय. सोळा तास प्रभू माझ्या मागच्या सीटवर रडत होता, आन् त्याच्या शेजारी, त्याच्या खांद्यावर हात ठेवून कोण बसलं असंल? अध्यक्ष. "येईल रे. हुशार पोरगी हाय. मैतरणीकडं गेली असंल." आरशात मला दोघं दिसायचे. आन् त्यांच्या मागं दिपाली. डोळे बापाच्या मानेवर. पाणी दिलं तर पाणी घेतलं न्हाई तिनं.

सत्यशीला आजपर्यंत सापडली न्हाई. विहिरी उपसल्या, नाले पाहिले, पोलीस येऊन गेले. शिवहार हाय की, मजेत हाय. अजून अध्यक्षच हाय. परवा शाळेत झाडाचं महत्त्व सांगून आला. दिपाली वसमतला मावशीकडं राहती, शिवणकाम करती, बापाचं तोंड पाहत न्हाई. फॉर्म तिनं परत भरला न्हाई. पुढच्याच भरतीत उंचीची अट ढिली केली अशी आवई उठली होती, तरी भरला न्हाई.

काय म्हणतेस, बाई? लोकांना सांगितलं का तिनं? सांगितलं ना. त्याच रात्री सांगितलं.

साडेअकराला आमी गोरेगावात पोचलो. चंपाषष्ठीची रात्र. प्रभूच्या अंगणात सारं गाव, चुलीवर रोडगे तसेच करपलेले. दिपाली गाडीतून उतरली ती थेट बनाबाईच्या पायावर पडली, आन् सगळ्यांदेखत सगळं सांगितलं. भरती, लाईन, खांब, नाव. बापानं घेतलेलं नाव.

शिवहारनं मान वाकडी केली. "पोरीला ताप हाय. दोन दिवसांची बरळून राहिली. घरी न्या तिला."

आन् लोकांनी मान डोलावली. प्रभूनं सुद्धा. काहून न्हाई डोलावणार? असलं कोणाला खरं वाटंल?

बनाबाई मात्र उठली. कोपऱ्यात कोंबड्या झाकायचं डालं पालथं होतं, तिथं गेली. सकाळी सेनगाव रोडच्या पुलाजवळ जे सापडलं ते तिनं त्याच्याखाली ठेवलं होतं. दिवसभर कोणाला हात लावू दिला न्हाई.

तिनं डालं उचललं.

सत्यशीलाचे पळायचे बूट. रोडच्या मधोमध ठेवलेले सापडले म्हणे, जोडीनं. नाड्या बांधलेल्या, गाठ न सुटलेली. भवताली कोरडा फुफाटा. आन् बूट मात्र काठोकाठ भरलेले. काळा, चिकट चिखल. आपल्या काळ्या मातीचा न्हाई. अंगणातल्या एका बी माणसाला तो वास ओळखता आला न्हाई... आमी नऊ-दहा जण सोडून. खारा, सडका, त्या झाडीतला.

प्रभू खाली बसला. बुटाजवळ तोंड नेलं. वास घेतला. मग हळूच मान वर करून त्यानं शिवहारकडं पाहिलं.

डाव्या बुटातला चिखल हलला. टप करून एक बुडबुडा फुटला, आन् त्यातून एक खेकडं वर आलं. नखाएवढं. एक नांगी बारीक, एक लालभडक, मोठी. बुटाच्या काठावर येऊन थांबलं, आन् ती मोठी नांगी वर-खाली करत राहिलं, कोणाला तरी बोलावल्यासारखी.

जित्तं होतं.